काळा भात, लाल भात आणि आपली कडक भाकरी

गेल्या अंकात मणिपूरच्या काळ्या तांदळाच्या खिरीवर चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा नुसता पाऊस पडला, आणि तोही आपल्या सोलापुरात जिथं खरा पाऊस यायचा तर लोक आभाळाकडं डोळे लावून बसतात. मला वाटलं होतं ज्वारीच्या मुलखात कोण विचारतंय तांदळाचं. तर नाही, काळा, लाल, जांभळा सगळं पोचलंय घराघरात, कुणाच्या पुण्याच्या मुलानं आणलंय, कुणी ऑनलाइन मागवलंय, कुणाच्या डब्यात तसंच पडून आहे कारण करायचं कसं ते माहीत नाही. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी सांगितलंय म्हणून नुसतं गाव नाहीतर पेठ देतेय.

प्रश्न : ताई, मला आठ वर्षं शुगर आहे. मुलगा पुण्याहून काळा तांदूळ घेऊन आला, पाव किलोला शंभराची नोट. म्हणतो बाबा आता पोटभर भात खा, यानं शुगर वाढत नाही. व्हॉट्सॲपवर पण तसंच आलंय. खरं आहे का? – एक काका, बार्शी

उत्तर : काका, मुलगा गुणाचा आहे पण "पोटभर" हा शब्द त्याच्याकडून परत घ्या. काळा असो लाल असो, शेवटी तो तांदूळच, शंभर ग्रॅम कच्च्या तांदळात साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, पांढऱ्यातही आणि बिनपॉलिशच्यातही, फरक जवळजवळ नाहीच. फरक आहे तो सालीचा. तांदळाचा रंग असतो तो आतल्या दाण्यात नसतो, वरच्या कोंड्याच्या पातळ थरात असतो, म्हणून रंगीत तांदूळ विकताना कोंडा ठेवावाच लागतो, पॉलिश मारला की काळाही पांढरा आणि लालही पांढरा. तर त्या कोंड्यामुळं तंतू जास्त मिळतात, भात सावकाश पचतो, साखर एकदम चढत नाही, जरा दमानं चढते. पण चढते! वाटीभर खाल्ला तर वाटीभराची चढणार, तीन वाट्या खाल्ल्या तर तीन वाट्यांची.

आता तुमच्याच घरातली गोष्ट सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७ चे तक्ते आहेत, त्यात शंभर ग्रॅममागं तंतू बघा, पांढरा तांदूळ २.८ ग्रॅम, बिनपॉलिशचा ४.४ ग्रॅम, आणि ज्वारी १०.२ ग्रॅम. म्हणजे ज्या तंतूंसाठी तुम्ही शंभराची नोट मोडली ते दुपटीहून जास्त तुमच्या भाकरीत आधीच आहेत, आणि ती ज्वारी बार्शीच्या बाजारात पोत्यानं मिळते. मग काळ्या तांदळाचं काय उरतं? त्याचा रंग उरतो. जांभळात, काळ्या द्राक्षात, वांग्याच्या सालीत जो जांभळा रंग असतो ना, अँथोसायनिन म्हणतात, तोच यात भरपूर असतो आणि तो शरीराला चांगला मानतात, आपल्या डाळिंबाचे दाणे लाल दिसतात तेही ह्याच कुळातल्या रंगानं. तेवढ्यासाठी खायचा असेल तर जरूर खा, पण भाकरी काढून त्याजागी नाही, पांढरा भात काढून त्याजागी. मुदीएवढा भात, त्यावर घट्ट वरण, बाजूला मेथीची नाहीतर चुक्याची भाजी. आणि गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका, शुगर खाऊन दोन तासांनी तपासा, मशीन सांगेल ते व्हॉट्सॲप सांगणार नाही. अजून एक, किडनीचा त्रास असेल तर कोंड्यासकटच्या धान्यात फॉस्फरस, पोटॅशियम जास्त असतं, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारायचं मग खायचं.

प्रश्न : आमच्यात तेलुगू पद्धतीचं जेवण, भात दोन्ही वेळेला लागतो. काळा तांदूळ कुकरला नेहमीसारख्या तीन शिट्ट्या करून लावला तर खडे चावल्यासारखा. सासूबाई म्हणाल्या हे काय गुरांना घालायचं आणलंस. पाच शिट्ट्या केल्या तरी मधे कच्चाच. – एक वहिनी, साखर पेठ

उत्तर : वहिनी, तुमचं काही चुकलं नाही, घाई झाली एवढंच. पॉलिश केलेल्या तांदळात पाणी लगेच शिरतं, इथं वर कोंड्याचं जाकीट आहे, त्यातून पाणी आत जायला वेळ लागतो, म्हणून ह्याला रात्रीच भिजत टाकायचं, कमीत कमी सहा-सात तास. दोनदा हलक्या हातानं धुवायचा, मग भिजवायचा, आणि भिजवलेलं जांभळं पाणी ओतून द्यायचं नाही हं, त्यातच शिजवायचा कारण ज्या रंगासाठी एवढं करतोय तो बराचसा पाण्यात उतरलेला असतो. एका वाटीला अडीच वाट्या पाणी धरा, भिजवलेलं पाणी त्यातच मोजा, एक मोठी शिट्टी झाली की गॅस बारीक करून वीस-पंचवीस मिनिटं, मग कुकर आपोआप थंड होऊ द्यायचा, शिट्टी उचलून वाफ काढायची नाही. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा, माझं ऐका. दाणा मधोमध फाटून आतला पांढरा-जांभळा गर दिसायला लागला की झाला.

तरीपण सासूबाईंना तो पांढऱ्या सोना मसुरीसारखा मऊ मोकळा लागणार नाहीच, लागूही नये. पहिले पंधरा दिवस तीन वाट्या पांढऱ्यात एक वाटी काळा मिसळा, फक्त काळा वेगळा भिजवून घ्या आणि आधी अर्धवट शिजवून मग पांढरा घाला नाहीतर एक गाळ आणि एक खडा. सगळा भात फिकट जांभळा होतो, दिसायला छान दिसतो. आणि चिंचेचा पुलिहोरा करून बघा ह्या मिश्र भाताचा. चिंच पडली की जांभळा रंग एकदम तांबूस गुलाबी होतो, वर शेंगदाणे, कढीपत्ता, सुक्या मिरचीची फोडणी. आमच्या शेजारच्या घरी हा प्रयोग झालाय, तिथल्या आजींनी आधी ताट सरकवलं होतं, मग दुसऱ्यांदा मागितला.

प्रश्न : तांदूळ धुताना पाणी शाईसारखं जांभळं झालं. रंग मारलेला आहे का? मी सगळा टाकून द्यायच्या बेतात आहे. – जुळे सोलापूर

उत्तर : थांबा, टाकू नका! रंग सुटतो म्हणजे भेसळ असं नाही, काळ्या तांदळाचा रंग पाण्यात विरघळणाराच असतो, सुटला नाही तर उलट मला शंका येईल. खरं खोटं बघायचं तर हे करा, मी स्वतः ओट्यावर केलंय. तीन काचेचे ग्लास घ्या, तिन्हीत ते जांभळं पाणी थोडं थोडं ओता. एक तसाच ठेवा. दुसऱ्यात लिंबू पिळा, बघता बघता जांभळ्याचा लालसर गुलाबी होतो, अगदी कोकम सरबतासारखा. तिसऱ्यात चिमटीभर खायचा सोडा टाका, तो निळसर हिरवट व्हायला लागतो. नैसर्गिक रंग असा आंबट आणि सोडा पाहून रूप बदलतो, बाजारातले बहुतेक कृत्रिम रंग असे फिरत नाहीत. माझ्या भाच्यानं तिसरा ग्लास बघितला आणि म्हणाला मावशी ह्याचं पेन भरता येईल का.

दुसरी खूण म्हणजे एक दाणा दातानं नाहीतर अडकित्त्यानं तोडा, अस्सल असेल तर आत पांढरट आणि रंग फक्त वरच्या सालीत. शिवाय तीन-चार पाण्यांनी धुतला तरी दाणा काळाच राहतो. धुता धुता दाणाच पांढरा पडत चालला तर मात्र दुकानदाराकडं घेऊन जा. लाल तांदळाचं वेगळं आहे, त्याचा रंग दुसऱ्या जातीचा, चहातल्या तुरटपणाच्या नात्यातला, तो पाण्यात फारसा उतरत नाही, पाणी नुसतं मातकट तांबूस होतं. तेव्हा लाल तांदळाचं पाणी रक्तासारखं लालभडक झालं तर घाबरा, काळ्याचं जांभळं झालं तर नका घाबरू.

एक बारीकशी गंमत, आपल्याकडं बोअरचं पाणी जड आणि क्षारांचं, त्यामुळं बोअरच्या पाण्यात भात शिजवला की रंग जांभळ्यापेक्षा निळसर करडा येतो आणि दिसायला उदास दिसतो. चार थेंब लिंबू टाका शिजवताना, रंग परत येतो.

प्रश्न : मुळशीकडून नातेवाईकांनी "काळभात" दिलाय. पण हा तर पांढराच निघाला, फसवलं का? – पंढरपूर

उत्तर : अजिबात नाही, उलट तुमचे नातेवाईक दर्दी आहेत. काळभात म्हणजे ज्याचं टरफल काळं असतं तो, शेतात लोंबी काळी दिसते म्हणून काळभात, आतला दाणा पांढराच आणि वासाचा. मणिपूरचा तो वेगळा, त्याचं टरफल काढल्यावरही वरून दाणा काळाच. नावावरून गल्लत होते. तूप-मेतकूट घालून खा आणि मला पण सांगा कसा लागला.

प्रश्न : तब्येतीचं सोडा, चवीला कुठला चांगला ते सांगा ना. सगळे फायदेच सांगत बसतात. – होस्टेलवरची एक मुलगी, होटगी रोड

उत्तर : हा प्रश्न आला म्हणून बरं वाटलं बघ, कारण मी ज्यांच्याकडं ज्यांच्याकडं काळा तांदूळ "औषध" म्हणून आलेला बघितलाय त्यांच्याकडं तो तीन महिन्यांत सोंडे होऊन गेलाय आणि ज्यांनी चवीसाठी आणला त्यांच्याकडं संपलाय.

मणिपूरचा चाखाओ, २०२० मध्ये त्याला जीआय मानांकन, म्हणजे त्या भागाचा खास माल अशी सरकारी ओळख, मिळालं, तिकडच्या भाषेत चाखाओ म्हणजेच चवदार तांदूळ. शिजताना घरभर वास सुटतो, मला तर शेंगदाणे मंद आचेवर भाजताना जो येतो ना तसला वाटतो, त्यात थोडं दूध आटल्यासारखं. शिजला की चिकट होतो म्हणून तो खिरीचा तांदूळ, आमटीशी त्याचं जमत नाही, उगीच आमटी-काळा भात करून नाक मुरडू नये. तमिळनाडूचा करुप्पु कवुनी पण काळा, चेट्टिनाडकडं लग्नाकार्यात गूळ-खोबरं घालून त्याचं गोड करतात, हा चावायला जरा दणकट.

केरळचा मट्टा म्हणजे लालसर, जाड, उकडा, म्हणजे टरफलासकट उकडून मग सडलेला. पहिल्या घासाला मातीचा वास येतो असं वाटेल, पहिल्या पावसानंतर येतो तसला, काहींना आवडत नाही, मला जाम आवडतो. हा कुकरला लावायचा नाही, भरपूर पाण्यात शिजवून वेळायचा, आणि वेळलेलं पाणी म्हणजे पेज, त्यात मीठ-जिरं घालून प्यायची, फेकलीस तर बरंच सत्त्व गेलं. आपल्या कोकणातला लाल उकडा तांदूळ ह्याच चालीचा, तिकडं सकाळी त्याची पेज आणि बरोबर लोणचं नाहीतर सुकी मासळी, पोट दुपारपर्यंत गप्प. आणि हा मट्टा नाहीतर उकडा आपल्या शेंगा चटणीबरोबर खाऊन बघ, वर कच्चं तेल, बाजूला कांदा. केरळचा माणूस हसेल, हसू दे.

कर्नाटकचा राजमुडी आपल्याला जवळचा, म्हैसूरच्या वडियार राजांच्या मुदपाकखान्यातला म्हणतात, दाणे थोडे लाल थोडे पांढरे, मऊ शिजतो, चव सौम्य. ज्याला रंगीत तांदूळ पहिल्यांदा खायचाय त्यानं इथून सुरुवात करावी, आमटी-भात, ताक-भात सगळ्याला चालतो. मापिळ्ळै सांबा म्हणून तमिळनाडूचा एक लाल तांदूळ आहे, मापिळ्ळै म्हणजे नवरदेव, जुन्या काळी जावयाला जड दगड उचलायला लावायचे आणि त्याआधी ताकद यावी म्हणून हा तांदूळ चारायचे अशी कथा. चावायला कडक. त्याचा साधा भात करू नकोस, इडली-डोशाला भिजव, निम्मा हा आणि निम्मा इडलीचा तांदूळ, डोसा तांबूस कुरकुरीत होतो.

होस्टेलवर इंडक्शन असेल तर राजमुडीच घे. बाकीच्यांना वेळ लागतो आणि तुमच्या रेक्टर वास येऊन वर येतील.

प्रश्न : सुनेचं हिमोग्लोबिन नऊ आहे. लाल तांदळानं रक्त वाढतं म्हणतात, रोज देऊ का? – अक्कलकोट

उत्तर : लाल रंग म्हणजे रक्त हे आपल्या डोक्यात घट्ट बसलंय, बीट म्हणा, टोमॅटो म्हणा. तांदळाचा लाल रंग लोहाचा नाही. त्याच तक्त्यांत बिनपॉलिशच्या तांदळात शंभर ग्रॅमला साधारण १ मिलिग्रॅम लोह आहे, पांढऱ्यात ०.६५, आणि ज्वारीत जवळजवळ ४. त्यात कोंड्यातलं फायटिक ॲसिड लोह धरून ठेवतं, सगळं अंगी लागू देत नाही, भिजवलं आणि जेवणात लिंबू असलं की थोडं बरं पडतं. आवडत असेल तर द्या पण नऊ हिमोग्लोबिनला तांदळावर भागवू नका, डॉक्टरांकडून लोहाच्या गोळ्या चालू करा आणि गोळीबरोबर चहा देऊ नका.

प्रश्न : उजनीच्या कालव्याचं पाणी आहे, तीन एकर. एक जण म्हणतोय काळ्या तांदळाचं बियाणं माझ्याकडून घ्या, माल मीच घेतो, ऊस सोडा. करू का? – शेतकरी, मोहोळ

उत्तर : दादा, मी शेतीतली तज्ज्ञ नाही पण माझं माहेर शेतकऱ्याचं आहे आणि "बियाणं माझं, माल मीच घेतो" हे वाक्य आमच्या घरात एकदा ऐकून झालंय, त्या वेळी पीक वेगळं होतं, माणूस मात्र माल काढायच्या वेळी फोन उचलत नव्हता. लेखी करार, भाव, कधी उचलणार हे कागदावर असल्याशिवाय एक दाणा टाकू नका.

दुसरं पाण्याचं. एक किलो साळ पिकवायला साधारण अडीच हजार लिटर पाणी लागतं असं धरतात. ऊस पण काही कमी पीत नाही म्हणा, पण एका तहानलेल्याला काढून दुसरा तहानलेला आणून काय साधणार. तिसरी अडचण कुणी सांगत नाही ती म्हणजे गिरणी. आपल्याकडं भात भरडायची गिरणी शोधत फिरावं लागेल, आणि सापडली तरी ती पॉलिश मारणारी असेल तर तुमचा काळा तांदूळ पांढराफटक होऊन बाहेर येईल, फक्त टरफल काढून कोंडा ठेवणारं मशीन लागतं. हौस असेल तर दोन गुंठ्यांत घरापुरता लावून बघा की. गावरान बियाणं जपायचंच असेल तर अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरेंनी गावरान बियाण्यांची बँक उभी केलीय ती एकदा जाऊन बघा, २०२० ची पद्मश्री आहे त्यांना. आणि हसू नका, पण ज्या मालदांडी ज्वारीला देश ओळखतो ती ३५-१ तुमच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातून निघाली, घरच्या अंगणातली आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात लाल तांदळाला खवट वास आला. – विजापूर रोड

उत्तर : कोंड्यात तेल असतं, आपल्या एप्रिल-मेच्या चव्वेचाळीस डिग्रीत ते खवट होणारच. रंगीत तांदूळ वर्षाचा भरायचा नसतो, महिना-दोन महिन्यांचा आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हाळ्यात सरळ फ्रीजमध्ये. बोरिक पावडर वगैरे लावू नका. खवट झालेला धुऊन सुधारत नाही.

प्रश्न : तुमच्या खिरीत गूळ घातला आणि दूध फाटलं. एक लिटर! – बाळे

उत्तर : अरे देवा. माझीच चूक, गूळ कधी घालायचा ते गेल्या वेळी लिहिलंच नाही. अर्धी वाटी काळा तांदूळ रात्रभर भिजवायचा, सकाळी आधी नुसत्या पाण्यात पार फुटेपर्यंत शिजवायचा, दुधात शिजवत बसलात तर दूध आटतं पण तांदूळ शिजत नाही. मग लिटरभर दूध घालून मंद आचेवर वीसेक मिनिटं, ढवळत राहायचं, खाली लागतं. दाट झाली की गॅस बंद, खाली उतरवायची, बोट सोसवेल इतपत कोमट झाली की मग किसलेला गूळ, आणि तोही आधी थोड्या पाण्यात विरघळवून गाळून गार केलेला, कारण गुळातला क्षार-आंबटपणा गरम दुधाला चालत नाही. एवढं नको असेल तर साखर घाला, ती कधीही चालते. वेलदोडा अगदी थोडा, नाहीतर तांदळाचा स्वतःचा वास मरतो. आणि फाटलेलं ते लिटर टाकलं नसेल तर गाळून कलाकंदासारखं आटवा, जांभळा होईल पण मुलं खातील.